मुंगी गप्प का झाली

मित्रांनो, माझ्यावर बसण्याआधी जवळजवळ प्रत्येक माणूस मला हाताने एकदा ढकलून पाहतो. मी पुढे जाते, मागे येते, मोडत नाही. मग त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो बसतो. मी एक जुनी डोलखुर्ची आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात, खिडकीशेजारच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. माझा रंग फिका हिरवा आहे आणि माझ्या उजव्या हातावर चिमुकल्या दातांची खूण आहे. ती कुणाची, ते आता मलाही आठवत नाही. इतकी मुले माझ्याकडे येऊन गेली.

माझा जन्म याच इमारतीच्या तळघरात झाला. तिथे रुग्णालयाच्या सुताराची खोली होती. शस्त्रक्रियागृहाचा जुना लाकडी दरवाजा काढून काचेचा बसवला, तेव्हा त्या दरवाजाचे लाकूड सुताराच्या वाट्याला आले. म्हणजे मी खुर्ची होण्याआधीच माझ्या लाकडाने कितीतरी आईबापांना ताटकळताना पाहिले होते. सुतार बोलायला कमी, पण हाताचा पक्का होता. माझ्या पायांखालच्या दोन वाकड्या पट्ट्या त्याने इतक्या वेळा घासल्या, की येणारेजाणारे शिपाई त्याला विचारायचे, खुर्ची करतोयस की होडी? तो उत्तर देत नसे. शेवटी त्याने भुशाने भरलेली एक पिशवी मांडीवर बाळासारखी घेतली, माझ्यावर बसला आणि डोळे मिटून डोलू लागला. थोड्याच वेळात तो घोरत होता. तळघरातले सगळे हसले. मी मात्र त्या दिवशी पास झाले.

मला विभागात आणले आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले. माझ्यावर आया बसल्या, बाप बसले, आत्या, मावश्या, आजोबा बसले. ज्यांच्या घरचे कुणी आले नव्हते त्या बाळांना घेऊन परिचारिका बसल्या. मला डोळे असोत वा नसोत, बाळाचे वजन मला कळते. मांडीवरच्या बाळाला दुखत असले तर ते गुडघे पोटाशी ओढते. पाठीची कमान करते. मानेला झटके देते. कुणी कितीही थोपटले तरी त्याचे अंग सैल पडत नाही. हे सगळे बसणाऱ्याच्या मांडीतून माझ्या लाकडात उतरते.

माझ्याकडे येणाऱ्यांत पुष्कळ बाळे टाळूच्या शस्त्रक्रियेची असायची. मित्रांनो, जीभ वर लावून बघा. तोंडाचे जे छत जिभेला लागते, ती टाळू. काही बाळे जन्मतात तेव्हा या छताला मधोमध फट असते. त्यात बाळाचा दोष नसतो आणि आईचाही नसतो. पण त्या फटीमुळे प्यायलेले दूध नाकातून बाहेर येते आणि बोलताना हवा नाकातून निसटते. बाळ वर्षाच्या आसपास झाले की डॉक्टर ती फट शिवून बंद करतात. आता विचार करा, आपली जीभ चुकून दाताखाली आली तरी आपण दिवसभर कुरकुरतो. या बाळांच्या तर तोंडाच्या छतालाच टाके. प्यायचे, गिळायचे, रडायचे ते सगळे त्याच वाटेने. आणि कुठे दुखते ते सांगायला अजून शब्द नाहीत.

त्या काळी विभागात एक रीत होती. बाळ रडून रडून लालबुंद झाले की मग औषध द्यायचे. विभागाच्या जुन्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य परिचारिका, मनाने फार मायाळू होत्या, पण त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही." तोवर बाळाला माझ्यावर घेऊन डोलायचे. बाळ रडून दमायचे आणि झोपायचे. मग माझे कौतुक व्हायचे. एका डॉक्टरांनी तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले होते, की ही आमची बिनबाटलीची गुंगी. मी फुगून गेले होते. पण दमून झोपलेले बाळ वेगळे आणि दुखणे थांबून झोपलेले बाळ वेगळे. दमून झोपलेले बाळ झोपेतही मूठ सोडत नाही.

पुढे रुग्णालयात स्वच्छतेचे नवे नियम आले. लाकडाच्या भेगांत जंतू राहतात, म्हणून लाकडी सामान विभागात नको, असे ठरले. ते खरेच होते. माझी वेताची बैठक उसवली होती आणि एका सांध्यात फट पडली होती. मला उचलून जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. तिथे एका पायाच्या टेबलाशेजारी, सलाइन लटकवायच्या मोडक्या दांड्यांच्या गर्दीत मी धूळ खात पडले. वरून पावलांचे आवाज यायचे. कधी बाळ रडायचे. अशी किती वर्षे गेली, कोण जाणे. कुणाच्या उपयोगी न पडता नुसते असणे फार जड असते, मित्रांनो.

एके दिवशी दार उघडले आणि चपळ पावलांची एक परिचारिका आत आली. तिला सलाइनची दांडी हवी होती. दांडी शोधता शोधता तिने मला पाहिले, हाताने ढकलले आणि दांडीबिंडी विसरून माझ्यावर बसली. तिच्या छातीवर एक छोटे घड्याळ टाचलेले होते. विभागात तिला सगळे मागून घड्याळबाई म्हणत, कारण औषधाची वेळ झाली की ती हातातला घासही खाली ठेवायची. समोर मात्र सगळे तिला सिस्टरच म्हणत.

घड्याळबाईने मनात आणले की ती काळ्या दगडावरची रेघ. विभागात तेव्हा आईबापांसाठी लोखंडी स्टुले होती. त्यांवर बसून बाळाला फार वेळ घेता येत नसे. पाठ मोडायची, बाळ खाटेवर जायचे आणि एकटे पडले की त्याचे दुखणे दुप्पट व्हायचे. म्हणून तिला मी हवी होते. स्वच्छता खात्याच्या प्रमुखांनी नाही म्हटले. ती भांडली नाही. काय केले म्हणजे चालेल, एवढेच तिने विचारले. सगळ्या भेगा बुजल्या पाहिजेत, रंग धुता येणारा हवा आणि वेत काढला पाहिजे, असे ते म्हणाले. तिने रंगाऱ्याला गाठले. तो टाळाटाळ करू लागला, तेव्हा ती रोज येता-जाता त्याची नुसती तब्येत विचारू लागली. शेवटी तो कंटाळून म्हणाला, की बाई, माझी तब्येत उत्तम आहे, तुमची खुर्ची आणा. त्याने माझ्या भेगा लांबीने, म्हणजे रंगाऱ्याच्या लगद्याने, भरल्या आणि मला हा हिरवा रंग दिला. वेताच्या जागी रबरी कापडाची बैठक बसवली. अशी मी माझ्या कोपऱ्यात परत आले.

औषधाची रीतही घड्याळबाईला बदलायची होती. तिचे म्हणणे सोपे होते. आग वणव्यासारखी पसरल्यावर घागरी ओतण्यापेक्षा ठिणगी असतानाच पाणी टाकावे. दुखणे वाढल्यावर त्याला आवरायला जास्त औषध लागते आणि तेवढा वेळ बाळ पीत नाही. म्हणून बाळ रडो वा न रडो, पहिले काही दिवस साधे दुखण्याचे औषध ठरल्या वेळी द्यायचे. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे टाळूची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी, तिचे ऐकले आणि तशी सूचना लिहायला सुरुवात केली. मला वाटले, आता सगळे सुरळीत होणार. पण मग मुंगी आली.

मुंगी हे तिचे घरातले नाव. सव्वा वर्षाची, किरकोळ अंगाची, एक क्षण स्वस्थ न बसणारी मुलगी. तिच्या टाळूला फट होती, त्यामुळे तिला 'ब' म्हणता येत नसे. ब म्हणायला गेली की हवा नाकातून जाई आणि म बाहेर पडे. 'बाबा' म्हणायचे असले की ती 'मामा' म्हणायची. तिचा बाप शहरात बस चालवायचा. आडदांड, हसरा माणूस. तो साऱ्या विभागाला सांगायचा, की माझ्याच पोरीने मला माझा मेहुणा करून टाकलाय. तिच्या आईचा हात मोडून प्लास्टरमध्ये होता, तिला मुलीला उचलता येत नव्हते. म्हणून बापाने रजा घेतली आणि तोच मुंगीजवळ राहिला. तो माझ्यावर बसला की मी पुढे झुकताच त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. बसचा ब्रेक लावल्यासारखा. सवय, दुसरे काय.

मुंगीची शस्त्रक्रिया सकाळी झाली आणि नीट झाली. तिला आणून बापाच्या मांडीवर दिले. बोटे तोंडात जाऊन टाके उसवू नयेत म्हणून तिच्या दोन्ही हातांना कोपरावर कडक कापडी पट्ट्या बांधल्या होत्या. दुपारी तिने पेल्याच्या काठाने थोडे पाणी घेतले आणि चक्क हसली. बाप खूश झाला. तेवढ्यात घड्याळबाई सिरिंजमध्ये गुलाबी औषध घेऊन आली. ही सुईची सिरिंज नव्हती. गालाच्या आतून थेंब थेंब औषध सोडायची ती नळी होती.

बाप म्हणाला, "ती हसतेय ना, सिस्टर. मग औषध कशाला?"

घड्याळबाईने त्याला समजावले. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी टाळू सुन्न करणारे इंजेक्शन दिले होते. मुंगी हसत होती ती त्याच्या जोरावर. संध्याकाळकडे ते उतरणार होते. त्याआधी हे औषध पोटात जायला हवे होते. बापाने मान हलवली आणि सिरिंज तिच्या हातातून घेतली. मी हळूहळू देतो, म्हणाला, माझ्या हातून घेईल ती. पलीकडच्या खाटेवरचे बाळ ओकले म्हणून घड्याळबाई तिकडे धावली.

मित्रांनो, मग मी जे पाहिले, ते आणखी कुणी पाहिले नाही. बापाने इकडेतिकडे बघितले आणि ते औषध खांद्यावरच्या टॉवेलमध्ये रिकामे केले. टॉवेलची घडी घातली. मुंगीच्या केसांवर ओठ टेकले. त्याच्या मांड्या थरथरत होत्या. निष्काळजी माणसाच्या मांड्या अशा थरथरत नाहीत. तो कशाला तरी घाबरला होता, आणि घाबरूनही हट्टाला पेटला होता.

संध्याकाळी दुसरी परिचारिका कामावर आली. तिच्याही हातून त्याने औषध तसेच घेतले आणि तसेच टॉवेलला पाजले. तिने तक्त्यावर लिहिले, औषध दिले. रात्रीचे औषधही त्याच वाटेने गेले.

टाळूचा सुन्नपणा उतरला. मुंगी रडेल, मग तरी हा माणूस शुद्धीवर येईल, असे मला वाटत होते. पण मुंगी रडली नाही. ती गप्प झाली. तिने हालचाल बंद केली. तोंड किंचित उघडे, लाळ हनुवटीवरून गळत होती, कारण गिळायचे म्हणजे दुखणार. पेला ओठाशी नेला की ती मान वळवायची. बाप आल्यागेल्याला सांगू लागला, की बघा, किती शहाणी माझी पोरगी, हूं नाही की चूं नाही. पण माझ्यावर तिचे जे वजन येत होते ते बाळाचे नव्हते, लाकडाच्या फळीचे होते. तिची पाठ एकदाही बापाच्या छातीवर टेकली नाही. मी डोलत राहिले. त्याहून जास्त काही मला करता येत नव्हते.

सकाळी घड्याळबाई कामावर आली आणि आधी मुंगीकडे आली. पेला भरलेला. लंगोट कोरडा. ओठ सुकलेले. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मोठे डॉक्टर आले, त्यांनी बॅटरीच्या उजेडात टाके पाहिले. टाके जागच्या जागी होते. त्यांनी तक्ता वाचला आणि तेही कोड्यात पडले. औषध तर प्रत्येक वेळी दिलेले दिसत होते. तरी दुखणे एवढे, की पोर घोटभर पाणी घेत नाही. त्यांनी ठरवले की आता सलाइन लावायचे आणि त्यातून गुंगीचे जोरदार औषध थोडे द्यायचे. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर घसा सुजलेला असतो, अशा वेळी ते औषध श्वास मंदावू शकते, म्हणून तिला यंत्राच्या नजरेखाली ठेवायचे. हे सांगून ते तयारीला लागले.

बाप पांढराफटक पडला. त्याने मुंगीला असे आवळून धरले, की माझे दोन्ही हात करकरले. तो म्हणाला, तसले औषध माझ्या मुलीला द्यायचे नाही. आम्ही घरी जातो.

घड्याळबाईने त्याच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. माझ्या डाव्या हातावर, जिथे तो टॉवेल टाकायचा, तिथे एक गुलाबी डाग वाळून चिकट झाला होता. तिने बोट लावले. बोटाचा वास घेतला. आता आरडाओरडा होणार, असे वाटून मी अंग चोरले. पण तिने आवाज चढवला नाही. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, अगदी मांडी घालून.

"बाबा," ती म्हणाली, "मी रागावणार नाही. तिच्या पोटात किती औषध गेलंय ते मला खरं कळलं पाहिजे. नाहीतर डॉक्टर चुकीच्या हिशेबाने पुढचं औषध देतील."

बापाने टॉवेलची घडी पाठीमागे सारली. मुंगीची आई भेटीच्या वेळेआधीच येऊन दाराशी उभी होती. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. तिने ते ऐकले होते. ती जवळ आली आणि हलकेच म्हणाली, "अहो, भावोजींचं सांगा ना त्यांना."

मग त्याने सांगितले. खाली बघत, तुटक तुटक. त्याचा थोरला भाऊही बसच चालवायचा. अपघातात त्याची कंबर मोडली. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुखणे गेल्यावरही त्या सुटल्या नाहीत. गोळ्या मिळाल्या नाहीत की भाऊ घरातल्या माणसांना ओळखेनासा व्हायचा. नोकरी गेली. वहिनी माहेरी गेली. आता तो एका खोलीत पडून असतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी या माणसाची गत झाली होती. आपल्या मुलीच्या ओठाला तसले औषध लागू द्यायचे नाही, असे त्याने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच ठरवले होते. ती थोडे सोसेल, पण वाचेल, असा त्याचा हिशेब होता.

"तिला एक थेंबही दिला नाही मी," तो शेवटी म्हणाला.

घड्याळबाईने मोठ्या डॉक्टरांना तिथेच बोलावले आणि सगळे सांगितले. डॉक्टरांनी स्टूल ओढले आणि बापाशेजारी बसले. त्यांनी सांगितले, की भावाच्या गोळ्या त्या गुंगीच्या औषधाच्या जातीच्या, हे गुलाबी औषध वेगळे. ताप आला की घरोघरी बाळांना देतात, तेच हे. ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या अंतराने दिले तर याची सवय लागत नाही. आणि आता खरे कळले आहे तर गुंगीच्या औषधाचीही बहुधा गरज पडणार नाही. हेच साधे औषध आधी सलाइनमधून देऊन बघू. तुम्ही सांगितले नसते, तर ज्याला तुम्ही भीत होता तेच मी तिला दिले असते, असेही ते म्हणाले.

बापाचा चेहरा बघवत नव्हता. पण त्याने मान वर केली. "द्या," तो म्हणाला. "मी धरून बसतो तिला."

सलाइन लागले. औषध थेंबाथेंबाने आत गेले. बाप हळूहळू डोलत होता, आई एका हाताने मुंगीची पावले चोळत होती. घड्याळबाई मधून मधून येऊन बघून जात होती : कपाळावरची आठी, गुडघे, मूठ. बराच वेळ काहीच झाले नाही. मग मला पहिल्यांदा जाणवले, की मुंगीचे गुडघे खाली आले. मग मूठ उघडली. मग तिचे डोके बापाच्या छातीवर टेकले आणि जड झाले. फळीचे पुन्हा बाळ झाले होते. माझ्या त्या जुन्या लाकडात इतके निवांत वजन कधी उतरले नव्हते.

ती जागी झाली तेव्हा घड्याळबाईने पेला बापाच्या हाती दिला. पहिला घोट सांडला. दुसऱ्या वेळी मुंगीने मान वळवली. तिसऱ्या वेळी ओठ पेल्याला लागले, तिने गिळले, थांबली, जणू खात्री करून घेतली, आणि पुन्हा गिळले. आणि मग काय झाले सांगू? तिने भोकाड पसरले. विभाग दणाणला. बाप घाबरून घड्याळबाईकडे बघू लागला.

घड्याळबाई हसत होती. "रडू दे. काल तिच्यात रडायचीही ताकद नव्हती. हे भुकेचं रडणं आहे."

तिने खरोखर अर्धा पेला पातळ खीर संपवली.

त्यानंतर त्या बापाने जी कंबर कसली, ती मी विसरणार नाही. दुपारपासून मुंगीला पुन्हा तोंडाने औषध सुरू झाले. गालाच्या आतल्या बाजूने, घाई न करता, थेंब थेंब सोडायचे, टाळूला नळी लागू द्यायची नाही, हे तो घड्याळबाईकडून शिकला. पहिल्यांदा मुंगीने अर्धे औषध त्याच्या शर्टावर उडवले. त्याने ते सरळ घड्याळबाईला जाऊन सांगितले, लपवले नाही. औषधाची वेळ जवळ आली की तो आधीच तयार असायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आई म्हणाली, की आमचं पोर शांत आहे, उगाच कशाला उठवायचं. त्यावर हा म्हणाला, की ताई, प्रवाशाने हात दाखवेपर्यंत बस उभी करून ठेवायची नसते, ती वेळेवर सुटते. ती बाई हसली, पण औषध द्यायला उठली.

घरी जायच्या दिवशी मुंगीची बडबड सुरू झाली होती. घड्याळबाईने त्याला सगळे पुन्हा बजावले : घरी औषध किती दिवस चालवायचे, कधी कमी करायचे, कडक खाणे, प्यायची स्ट्रॉ किंवा चमचा तोंडात घालू द्यायचा नाही, आणि पोर पीत नसेल किंवा खूप मलूल वाटली तर वाट न बघता यायचे. त्याने एकेक गोष्ट तिला परत म्हणून दाखवली. मग मुंगीला आईशेजारी उभे करून तो परत माझ्याजवळ आला. माझ्या हातावर हात ठेवून थोडा वेळ घुटमळला. मला वाटले, निरोप घेतो आहे. पण त्याला घड्याळबाईला काही विचारायचे होते.

"सिस्टर, भावाला घेऊन यायचं तर कुठल्या डॉक्टरांकडे यावं? त्या गोळ्या सोडवता येतात का?"

घड्याळबाई म्हणाली, की वेळ लागतो, पण सोडवता येतात. आणि त्याला जिन्यापर्यंत घेऊन गेली, तळमजल्यावरचा तो विभाग दाखवायला. तो भाऊ पुढे आला की नाही, मला माहीत नाही. माझ्या कोपऱ्यातून तळमजला दिसत नाही. पण तो माणूस एकदा ठरवले की मागे हटणारा नव्हता, एवढे मला त्याच्या वजनावरून कळले होते.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटी भावंडे असतील, शेजारी तान्ही बाळे असतील. रडणाऱ्या बाळाकडे सगळेच धावतात. तुम्ही गप्प बाळाकडेही बघा. ते खेळते का, पिते का, त्याची मूठ उघडी आहे का, हे बघा. काही वेगळे वाटले तर मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी कानाडोळा केला तर पुन्हा सांगा. लहान आहे, त्याला काय कळते, असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. दुखणे कळायला वय लागत नाही. आणि मोठ्यांनो, तुमच्या मनात भीती असेल तर ती टॉवेलमध्ये लपवू नका, बोलून दाखवा. मांडी, माया आणि औषध यांतले एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

आता मला थांबले पाहिजे. आज सकाळी एका बाळाची टाळू शिवली आहे. त्याची मावशी त्याला घेऊन माझ्यावर बसली आहे. ती नवखी आहे, फार जोरात डोलवते, पण शिकेल. बाळ टक्क डोळ्यांनी खिडकीकडे बघते आहे. अजून ते रडलेले नाही. आणि पलीकडून चपळ पावले येत आहेत, औषधाची वेळ झाली आहे.